डॉर्नियर २२८: नेव्ही, कोस्ट गार्ड सगळ्यांना चालतं, मग आपल्याला तिकीट काढून बसायला का नको?

उडता_पाटील (धागाकर्ता):
आपल्याकडे विमान म्हटलं की राफेल नाहीतर तेजस, त्यापुढे कुणी बोलायलाच तयार नाही. मला आज त्या चौकोनी पोटाच्या, दोन पंख्यांच्या डॉर्नियरबद्दल बोलायचंय. मूळ डिझाइन जर्मन, पहिलं उड्डाण १९८१, लायसन्स घेऊन एचएएल ही सरकारी विमान कंपनी कानपूरला ऐंशीच्या दशकापासून बनवतंय आणि आजतागायत शंभरच्या वर बनवलीत. नेव्ही वापरते, कोस्ट गार्डचा तर हा कणाच आहे (दमणला बघा कधी), एअर फोर्स वापरते आणि २०२३च्या मार्चमध्ये त्यांनी अजून ६ घ्यायचा ६६७ कोटींचा करार केला. मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका, मालदीव, गयाना सगळीकडे आपण दिलीत. आणि आपल्याच देशात प्रवासी घेऊन उडतात किती, तर अलायन्स एअरने दोन घेतली, १७ सीटची, एप्रिल २०२२ मध्ये आसामातल्या दिब्रुगड ते अरुणाचलातल्या पासीघाट चालू केली, बास. साधारण ८०० मीटर रनवेत उठणारं विमान आहे हे, मग रत्नागिरी, धुळे, कराड, लातूर असल्या धावपट्ट्या काय गवत वाढवायला ठेवल्यात का? एटीआर (७० सीटचं पंख्यांचं विमान) भरत नाही म्हणून सर्व्हिस चालू होते आणि बंद पडते, तिथे १७ सीट सहज भरतील. माझं स्पष्ट मत: उडान म्हणजे छोट्या शहरांच्या विमानसेवेला सबसिडी द्यायची केंद्राची योजना, तिचे पैसे ह्या विमानावर लावा.

तिरसट_म्हातारा:
पाटील, अलायन्स सोडली तर तुम्ही ज्यांची नावं घेतली त्यातल्या एकालाही तिकीट विकावं लागत नाही, हे लक्षात आलं का? नेव्ही, कोस्ट गार्ड, एअर फोर्स, मित्रदेश, सगळी सरकारं. तिथे प्रश्न असतो काम झालं की नाही. एअरलाइनचा प्रश्न असतो एका सीटमागे खर्च किती. आता साधा हिशोब करा. एटीआर ७२ ला दोन पायलट, दोन इंजिनं, सीट ७०. डॉर्नियरला दोन पायलट, दोन इंजिनं, सीट १७. पगार आणि मेंटेनन्स काय सीटच्या प्रमाणात कमी होतात? नाही होत. म्हणजे तिकीट महाग, नाहीतर मग सबसिडी, आणि सबसिडी म्हणजे आपलाच खिसा.
आणि हा प्रयोग करून झालाय. वायुदूत आठवतंय का? १९८१ साली सुरू केली, मूळ उद्देश ईशान्येकडची दुर्गम ठिकाणं, मग प्रत्येक खासदाराला आपल्या गावात विमान हवं झालं, ही डॉर्नियर होतीच ताफ्यात, आणि १९९३ ला तोट्यात बुडून इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन.

मालवणी_खाजा:
+१ म्हातारबाबांना. त्यात वायुदूतचं एक डॉर्नियर १९८९ ला पुण्याहून निघालेलं उजनीच्या पाण्यात पडलं, ११ माणसं गेली. आमच्याकडची जुनी माणसं अजून विषय काढतात.

उडता_पाटील:
वायुदूत विमानामुळे नाही बुडली हो, खासदारांमुळे बुडली, हे तुम्हीच वरच्या वाक्यात लिहिलंय. आणि एका अपघातावरून विमान टाकून द्यायचं असेल तर मग काहीच उडवू नका. नॉर्वेवाले स्वालबार्डला, उत्तर ध्रुवाच्या अंगणात हेच विमान चालवतात. जपानमध्ये टोकियोच्या चोफूहून इझू बेटांना रोज प्रवासी घेऊन जातं. नेपाळमध्ये लुक्लाला जातं. ते सगळे येडे आणि आपण शहाणे?

घाटमाथा_नेहा:
दादा, तुमचीच यादी परत वाचा. स्वालबार्ड, बेटं, लुक्ला. जिथे रस्ता नाही तिथे. कराडला रस्ता आहे, रेल्वे आहे, एसटी आहे 😀
आणि पासीघाटचंच घ्या ना. ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबीलचा पूल डिसेंबर २०१८ ला उघडला, म्हणजे दिब्रुगडकडून पलीकडे जायला फेरीबोटीचा खटाटोप होता तेव्हा विमान नव्हतं आणि पूल झाल्यावर विमान आलं. ह्याला काय म्हणायचं?

पंखा_नंबर_दोन:
जरा टेक्निकल सांगतो, कारण इथे सगळे पैशावरच अडकलेत. डॉर्नियरची केबिन प्रेशराइज्ड नाही, म्हणजे उंचावर आत हवेचा दाब धरून ठेवता येत नाही. म्हणूनच ते पोट चौकोनी आहे, प्रेशर धरून ठेवायचं असेल तर गोल नळी लागते. आता ह्याचा सैन्याला फायदा काय तर बॉडी हलकी आणि सोपी, उडताना बाजूचं दार उघडून खाली लाइफ राफ्ट टाकता येतो, पॅराट्रूपर सोडता येतात, पोटाखाली रडार लावून समुद्रावर खालून हळूहळू तासन् तास फिरता येतं. कोस्ट गार्डला हेच पाहिजे, बुडणारी बोट शोधायची, तेलगळती बघायची, त्यासाठी ३५ हजार फुटांवर जाऊन काय करणार?
पण प्रवाशांना घेऊन जायचं तर साधारण १० हजार फुटांच्या आतच राहायचं, म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीवरचे जे ढग आहेत त्यांच्या वर जाता येत नाही, त्यांच्यातूनच जायचं. ज्यांना पावसात रत्नागिरीला असं उडायचंय त्यांनी पिशवी हातात घेऊनच बसा. स्पीड ताशी चारशे किमीच्या आसपास, टॉयलेट बहुतेक वेळा नसतंच, आणि त्या गॅरेट इंजिनांचा आवाज, बाप रे, एप्रनवर (विमान उभं करतात तिथे) बाजूला उभं राहिलात तर कान गेले समजा.
थोडक्यात डॉर्नियर म्हणजे पोलिसांची बोलेरो. उत्तम गाडी. तिला टुरिस्ट परमिट देऊ नका.

उडता_पाटील:
पंखा भाऊ, माहिती भारी, आवडली. पण मग एटीआर तरी पावसात वेळेवर येतं का? सिंधुदुर्गवाल्यांना विचारा. फ्लाइट कॅन्सल झाली की ७० माणसं लटकतात, इथे १७ लटकतील.

मालवणी_खाजा:
हे आर्ग्युमेंट म्हणायचं का 😂

स्वदेशी_सावंत:
मला दोन्ही बाजूंचं पटत नाहीये. मुळात १९८१ चं जर्मन डिझाइन, इंजिन अमेरिकन, आणि आपण २०२३ मध्ये त्याची ऑर्डर काढून 'स्वदेशी' म्हणून पेढे वाटतो. कोस्ट गार्डचं काय नि अलायन्सचं काय, स्वतःचं विमान कुठाय? सरस होतं ना? बेंगळुरूच्या एनएएल ह्या सरकारी संशोधन संस्थेने बनवलेलं, २००४ ला उडालं, २००९ ला दुसरा प्रोटोटाइप बिडदीजवळ पडला, एअर फोर्सचे तिघे गेले आणि प्रकल्प थंडावला. २०१८ ला परत उडवलं. लायसन्सवर चाळीस वर्षं एकच विमान बनवत बसलं की असंच होणार.

पंखा_नंबर_दोन:
सावंत साहेब, अर्धं बरोबर. पण एक गोष्ट बघा, जर्मनीत हे विमान नव्वदच्या दशकातच बनायचं थांबलं होतं, नंतर स्विस कंपनी रुआगने नवीन रूपात काढलं तेव्हा बॉडी, पंख, शेपूट कानपूरहून गेली. म्हणजे निदान सांगाडा तरी आपल्याला त्यांच्याइतका जमतो. आणि एअर फोर्सच्या नव्या सहांना सुधारित इंजिन आणि पाच पात्यांचे कंपोझिट पंखे आहेत, अगदी तेच जुनं मॉडेल नाही.

तिरसट_म्हातारा:
पंखे बदलले तरी सीट १७ च. शिवाय मुंबईचं काय करणार? दोन रनवे एकमेकांना छेदतात, एका वेळी एकच वापरता येतो, तिथे १७ माणसांच्या विमानाला स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, कोण देणार? तोच स्लॉट १८० सीटच्या एअरबसला मिळतो. आणि मुंबई नसेल तर कराडहून तुम्ही जाणार कुठे, धुळ्याला?

उडता_पाटील:
नवी मुंबई झालंय ना आता.

तिरसट_म्हातारा:
तिथेही स्लॉट फुकट वाटत नाहीत, चिरंजीव.

घाटमाथा_नेहा:
सेफ्टीचं कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. २०१५ मध्ये मार्चला गोव्याजवळ समुद्रात नेव्हीचं डॉर्नियर ट्रेनिंग फ्लाइटला पडलं, लेफ्टनंट किरण शेखावत आणि लेफ्टनंट अभिनव नागोरी गेले, तिसऱ्या अधिकाऱ्याला मच्छीमारांनी वाचवलं. जूनमध्ये तमिळनाडूजवळ कोस्ट गार्डचं गायब झालं, महिनाभर शोधत होते. एका वर्षात दोन. विमान वाईट असं मी म्हणत नाही, समुद्रावर खालून आणि अंधारात उडणं हेच काम धोक्याचं आहे. आणि ह्याच विमानावर नेव्हीच्या पहिल्या महिला पायलट तयार झाल्या, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पोरबंदरच्या स्क्वाड्रनने फक्त महिला क्रू घेऊन अरबी समुद्रावर टेहळणी केली, हेही सांगायला पाहिजे. पण म्हणून 'सैन्य वापरतं म्हणजे प्रवाशांना सेफ' हे लॉजिक मला मान्य नाही, त्यांचं रिस्क घेणं वेगळं, माझ्या आईबाबांचं वेगळं.

उडता_पाटील:
ठीक, एअरलाइन राहू दे बाजूला. मग अँब्युलन्स म्हणून? मालदीवला आपण जे दिलं त्याचा मोठा उपयोग बेटांवरून पेशंट आणायलाच आहे. तिथे २०२४ ला राजकारण झालं, आपल्या सैनिकांना परत पाठवा म्हणाले, पण विमान नको म्हणाले नाहीत, सैनिकांच्या जागी सिव्हिल टेक्निशियन घेतले आणि सेवा चालू ठेवली. रत्नागिरीचा रनवे तर कोस्ट गार्डकडेच आहे. राज्य सरकारने दोन डॉर्नियर घ्यावीत, स्ट्रेचर लावावीत, कोकण, नंदुरबार, गडचिरोलीसाठी. इथे तिकीट विकायचंच नाही, तिरसट काकांचा हिशोबच लागू नाही. बोला.

तिरसट_म्हातारा:
आता जरा बोलण्यासारखं बोललात. पण नंदुरबारला रनवे कुठाय? धडगावच्या पाड्यातून पेशंट आधी कशातून आणणार, झोळीतून? झोळी ते रस्ता, रस्ता ते विमानतळ, विमानतळ ते मुंबई, त्यात मधला तुकडाच तुम्ही फास्ट करताय. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरतं.

उडता_पाटील:
हेलिकॉप्टरचा तासाचा खर्च बघा आधी, मग बोलू. आणि रात्रीच्या पावसात शाळेच्या मैदानावर कोण उतरवतो ते पण सांगा. रत्नागिरीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणजे तिथे तरी मान्य ना?

मालवणी_खाजा:
रत्नागिरीला मान्य. धुळ्याच्या पॅसेंजर फ्लाइटला अजून नाही.