कोपरा नुसता बिल्डरने नाही, पुरानेही बदलला

जुने वाडे पाडून खाली मोकळं पार्किंग ठेवलेल्या इमारती उभ्या राहिल्या, त्यात निव्वळ बिल्डरचा फायदा, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. आमच्या चिपळूणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर तळमजल्यावर राहायची हौसच फिटली. आमच्या कोपऱ्यावरचं कौलारू घर पाडलं तेव्हा खाली मोकळं पार्किंग मालकानेच मागून घेतलं.

गेली ती वळचण. पावसात तिथे फुलवाली बसायची, एसटी चुकलेले उभे राहायचे. आता तिथे साखळी आणि वॉचमन (तोही बिचारा खुर्ची आत ओढतो, झड येते म्हणून). भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती, तिच्यावर हातभर २०२१ ची. भिंतीबरोबर दोन्ही डंपरमध्ये गेल्या.