फोटोडायनॅमिक थेरपी : बाबा दुसऱ्यांदा दिव्याखाली बसायला तयार नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार. ही थेरपी, म्हणजे त्वचेवर क्रीम लावून वर दिव्याचा प्रकाश टाकायचा उपचार, कुणी स्वतः घेतली असेल किंवा घरात कुणाची झाली असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. वर्ण गोरा, टक्कल पडून ३० वर्षं झाली आणि सगळी नोकरी उन्हातान्हात, जमीनमोजणीची. टाळूवरचे चट्टे नजरेला फारसे दिसत नाहीत, पण हात फिरवला की पॉलिश पेपरसारखे लागतात. खपली निघते आणि आठवडाभरात पुन्हा धरते. डॉक्टरांनी ॲक्टिनिक केराटोसिस असं निदान केलं. हा कर्करोग नाही, पण यातल्या एखाद्याचा पुढे स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो आणि नेमका कुठल्या चट्ट्याचा ते आधी सांगता येत नाही. एक-दोन असते तर द्रव नायट्रोजनने गोठवून भागलं असतं. बाबांचे ११ भरले, शिवाय मधली कातडीही उन्हाने खराब झालेली. म्हणून सगळ्या टाळूवर एकदमच ही थेरपी करायचं ठरलं.

पहिली वेळ अशी गेली. आधी खपल्या हलक्या हाताने खरवडल्या, मिथाइल ॲमिनोलेव्हुलिनेटचं क्रीम लावलं आणि उजेड लागू नये अशी पट्टी बांधून ३ तास बसवलं. बिघडलेल्या पेशींमध्ये या क्रीमपासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य जास्त साठतं. त्यावर लाल प्रकाश पडला की आतल्या ऑक्सिजनचं रूप बदलतं आणि त्याने त्या पेशी मरतात. हे सगळं समजून घेऊन गेलो होतो. दिवा लागल्यावर दुसऱ्याच मिनिटाला बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बोटं पांढरी पडली होती. सहाव्या मिनिटाला म्हणाले, "थांबवा." थोडी विश्रांती दिली, थंड हवेचा झोत सोडला, मग उरलेला वेळ त्यांनी डोळे मिटून काढला.

माझे बाबा दाढ काढल्यावरही गोळी न घेणारे आहेत. त्यामुळे "निखारे ठेवले होते गं डोक्यावर" हे त्यांचं वाक्य मी हलक्यात घेऊ शकत नाही.

त्यानंतर सूज कपाळापर्यंत उतरली, खपल्या धरल्या, आणि दहाव्या दिवशी खाली गुलाबी, मऊ त्वचा निघाली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा ११ पैकी ८ चट्टे गेलेले होते. गुण आला, हे बाबाही मान्य करतात. उरलेल्या तीन चट्ट्यांसाठी दुसरं सत्र सुचवलंय, आणि ते म्हणतात, "चट्टे राहू देत."

माझे प्रश्न :

दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात करायची पद्धत कुणी अनुभवली आहे का? त्यात सनस्क्रीन लावून वर क्रीम लावतात, पट्टी बांधत नाहीत आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर जाऊन २ तास बसायचं असतं. द्रव्य साठत असतानाच हळूहळू वापरलं जातं, म्हणून दुखणं फारच कमी, असं वाचलं. पातळ चट्ट्यांवर गुणही जवळपास तेवढाच येतो म्हणे. पण बाबांचा एक चट्टा जाड आहे. तो वेगळा गोठवून बाकीच्यांना ही पद्धत, असं कुणाचं केलंय का?

दिवाच वापरायचा असेल तर आधी भुलीचं इंजेक्शन देऊन टाळूच्या नसा बधिर करतात का? त्याने खरोखर फरक पडला का? गार पाण्याचा फवारा, मध्ये मध्ये थांबणं, यातलं काय उपयोगी पडलं?

जे पहिल्यांदाच घेणार आहेत त्यांना एक सांगते. नंतरचे ४८ तास ऊन टाळायचंच, पण घरातला प्रखर दिवाही जवळ नको. बाबा त्याच रात्री टेबललॅम्पखाली पेपर वाचायला बसले आणि टाळू पुन्हा चुरचुरायला लागली. साध्या सनस्क्रीनचा इथे उपयोग नाही, कारण त्रास अतिनील किरणांचा नसून दिसणाऱ्या उजेडाचा असतो. जाड पडदे आणि टोपी.

भर : दोघांनी जाड चट्ट्याबद्दल विचारलंय. हो, तो दाबला की दुखतो आणि गेल्या महिन्यात थोडा वाढल्यासारखा वाटतोय. तुमचे प्रतिसाद वाचून आजच डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या सत्राआधी त्याचा तुकडा तपासायला घेणार आहेत, गुरुवारी. बायोप्सीला बाबा एका शब्दात हो म्हणाले. दिव्याबद्दल अजून गप्प आहेत, तेव्हा अनुभव लिहीत राहा, मी त्यांना वाचून दाखवते आहे.