सियासतनामा: राजाला उपदेश की वजिराची कैफियत?

दप्तरदार

मध्ययुगीन इस्लामी जगातल्या राजनीतीच्या ग्रंथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'या ग्रंथांनी निरंकुश सुलतानांवर न्यायाचा वचक ठेवला.' मला हे साफ अमान्य आहे. वाद घालायचाच तर या प्रकारातल्या सगळ्यात नावाजलेल्या ग्रंथावर घालू, म्हणजे सेल्जुक (इराण आणि आसपास राज्य करणारं तुर्की घराणं) वजीर निजाम-उल-मुल्कच्या सियासतनाम्यावर.

थोडी पार्श्वभूमी. इराणमधल्या तूसकडचा हा गृहस्थ. अल्प अर्सलान आणि त्याचा मुलगा मलिकशाह या दोघा सुलतानांकडे मिळून जवळपास तीस वर्षं वजिरी केली. १०८६च्या सुमारास मलिकशाहने जाणत्या मंडळींना फर्मावलं की राज्यात कुठे काय चुकतंय ते लिहून द्या. त्यातून हा फारसी ग्रंथ झाला. प्रकरणं ५०. पहिली ३९ थंड डोक्याने लिहिलेली आहेत. सुलतानाने आठवड्यातून दोन दिवस रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकाव्यात. इक्तादाराचा (पगाराऐवजी मुलखाची वसुली लावून दिलेल्या सरदाराचा) रयतेवर ठरलेल्या वसुलीपलीकडे काडीचा हक्क नाही, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची बदली करावी.

मग १०९१-९२च्या सुमारास जोडलेली शेवटची ११ प्रकरणं वाचा. सूर एकदम चढतो. एका माणसाला दोन कामं देऊ नका. पडद्याआडच्या बायकांना कारभारात लुडबुड करू देऊ नका. बातिनींना (इस्माइली शिया पंथीयांना) वेळीच ठेचा. त्या वेळी दरबारात काय शिजत होतं? मलिकशाहची बेगम तुर्कान खातून आपल्या लहानग्या महमूदला वारस करायला निघाली होती, निजामचा कौल मलिकशाहच्या थोरल्या मुलाला, बर्कियारुकला होता. खातूनचा कारभारी ताज-उल-मुल्क दोन-तीन खाती एकट्याने बळकावून वजिरीवर डोळा ठेवून होता. म्हणजे एक प्रकरण कारभाऱ्यासाठी, पुढचं मालकिणीसाठी! आणि हे सांगणाऱ्याची स्वतःची मुलं, नातू, जावई सल्तनतभर मोक्याच्या जागांवर बसलेले. याला उपदेश म्हणायचं?

मुलूखगिरी

दप्तरदार, निजामचा स्वार्थ होता हे मान्य. पण स्वार्थी माणसाने सांगितलेलं खोटंच असतं, असं थोडंच आहे? इक्तादाराची दर तीन वर्षांनी बदली केल्याने निजामच्या जावयाचं काय भलं होणार होतं?

दुसरं म्हणजे तुम्ही फक्त उपदेशाची वाक्यं उचललीत, गोष्टी सोडून दिल्यात. खरा ग्रंथ त्या गोष्टींत आहे. गझनीच्या महमूदची गोष्ट घ्या. रय (आजच्या तेहरानजवळ) वगैरे मुलूख महमूदने नुकताच जिंकलाय. दैर-गचीन नावाच्या ठिकाणी कूच आणि बलुच टोळ्यांचे लुटारू एका कारवाँला लुटतात, त्यातल्या एका बाईचा माल जातो. ती थेट महमूदकडे दाद मागते. महमूद विचारतो, हे दैर-गचीन आलं कुठे? बाई म्हणते, जेवढ्या मुलखाची खबर ठेवता येईल आणि ज्याचा जाब देता येईल, तेवढाच मुलूख घे.

मलिकशाहचं राज्य तेव्हा काशगरच्या बाजूपासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेलं होतं. त्याच्या तोंडावर हे कोण बोलणार? म्हणून मेलेला सुलतान पुढे करायचा आणि बोलायला एक नाव नसलेली बाई. दरबारात बोलण्याची तेवढीच एक सोय होती. तुम्ही तिला कैफियत म्हणता, मी तिला हिंमत म्हणतो.

शेंगदाणा चटणी

+१ मुलूखगिरी. शिवाय या ग्रंथात राजाही वजिराला निरुत्तर करतो, हे कोणीच सांगत नाही. दहाव्या प्रकरणात निजाम म्हणतो की राजाने सगळीकडे खबरे पेरावेत, आणि तिथेच अल्प अर्सलानचं उत्तरही देतो. त्या सुलतानाला विचारलं, तुम्ही खबरे का नेमत नाही? तो म्हणाला, माझी माणसं माझ्यावरच्या भरवशाने खबऱ्याला विचारणारही नाहीत, वैरी मात्र त्याच्याशी दोस्ती करून त्याचे हात ओले करतील. मग माझ्या कानावर मित्रांच्या चुगल्या आणि वैऱ्यांची वाखाणणी तेवढी येत राहणार.

काय चुकलं यात? निजाम एवढं लिहून शेवटी 'तरीही खबरे हवेतच' म्हणून मोकळा होतो. नुसतं वकीलपत्र घेतलेला माणूस विरुद्ध पक्षाचा एवढा बिनतोड मुद्दा कशाला नोंदवेल?

दप्तरदार

नोंदवेल, कारण घटना त्याच्या बाजूने घडत होत्या. पुढे अनुशिरवान इब्न खालिद या सेल्जुक वजिरानेच लिहिलं की खबऱ्यांचं खातं मोडल्यामुळे बातिनी कधी फोफावले ते दरबाराला कळलंच नाही. ऑक्टोबर १०९२ मध्ये नहावंदजवळ निजामचा खून झाला, मारेकरी अर्जदाराच्या मिषाने जवळ आला होता. इतिहासकारांनी खुनामागे बातिनींचं नाव घेतलं, काहींनी ताज-उल-मुल्कचं, काहींनी थेट सुलतानाचंही. महिन्याभरात मलिकशाहही गेला आणि भाऊबंदकी सुरू झाली. ५० प्रकरणांचा उपयोग काय झाला तो हा.

अनामिका

अवांतर: ग्रंथ निजामने लिहिलाच नाही, त्याच्या मृत्यूनंतर दरबारी कवी मुइज्जीने रचून त्याच्या नावावर खपवला, असाही एक पक्ष अभ्यासकांत आहे. तसं असेल तर दोघांचाही वाद बाराच्या भावात. बाकी चालू द्या.

बखरीचं पान

मुलूखगिरी, हिंमत वगैरे जरा जपून. आपल्या जवळचं उदाहरण देतो. झियाउद्दीन बरनी, मुहम्मद तुघलकाचा सतरा वर्षं दरबारी सोबती. फतावा-ए-जहाँदारी हा त्याचा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यातही तीच हातोटी, गझनीचा महमूद आपल्या मुलांना उपदेश करतोय. आणि उपदेश काय? तर हलक्या कुळातल्यांना लिहाय-वाचायला शिकवू नका. कुत्र्याच्या घशात रत्नं कोंबू नका नि डुकराच्या गळ्यात सोन्याचा पट्टा घालू नका. सत्तेपुढे सत्य बोलणारे म्हणून ज्यांची आरती ओवाळता, त्यांत हेही आले बरं का.

आता प्रत्यक्ष प्रसंग. माळव्यावर नेमलेल्या अजीज खम्मारने धारला 'सदा' म्हणजे शंभरीच्या अमिरांना पकडून मारलं, त्याची ठिणगी गुजरातेत आणि मग दौलताबादेत पडली. १३४७ मध्ये दख्खन हातची गेली आणि बहमनी राज्य उभं राहिलं. गुजरातच्या बंडावर निघालेला सुलतान वाटेत बरनीला विचारतो, जुन्या राजांनी कोणकोणत्या गुन्ह्यांना देहदंड ठेवला होता? बरनी पोथीतलं उत्तर देतो, जमशेद या इराणी दंतकथेतल्या राजाच्या काळी सात गुन्ह्यांना. आणि आपल्या तारीख या इतिहासग्रंथात पुढे स्वतःच लिहितो की मला सांगायचं होतं, ही सगळी बंडं तुमच्या अतोनात शिक्षांमुळे होताहेत, थोडा हात आवरा. पण सुलतानाच्या रागाला भ्यालो आणि बोललो नाही.

ऐन वेळी बोलायचं होतं तिथे तोंडातून निघाला जमशेद. मला तरी हा अख्खा साहित्यप्रकार त्या एका उत्तरात दिसतो.

मुलूखगिरी

बरनीचं कुळाचं खूळ घाणेरडंच आहे, त्याची बाजू घेणार नाही. पण तो सोबती होता, वजीर नव्हता. कारभार केलेल्या माणसाचं लिखाण वेगळं असतं. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. वतनदार म्हणजे राज्याचे दायाद (वाटेकरी), हे पंतांनी किती रोखठोक लिहिलंय! निजामची इक्तादाराबद्दलची चिंता याच जातीची आहे, मधे सहाशे वर्षांचं अंतर असलं तरी. दोघांनीही वसुली स्वतः हाताळलेली होती.

आणि राजे ऐकत नव्हते कशावरून? अकबराला कोणती पुस्तकं वाचून दाखवत, ते आईन-ए-अकबरीत आहे. अख्लाक-ए-नासिरी हा नीतिग्रंथ त्यात आहे, काबूसनामाही आहे. काबूसनामा म्हणजे १०८२ सालचा, कैकाऊस नावाच्या छोट्या राजाने मुलासाठी लिहिलेला. त्यात राजनीती आहे, झालंच तर घोडा कसा पारखावा आणि पाहुण्याला जेवू कसं घालावं हेही आहे. पुढे मुघलांचे जहागीरदार तीन-चार वर्षांत बदलले जात, निजामने सांगितलं होतं तसेच.

दप्तरदार

अकबराने ऐकलं असेल, वाद नाही. पण बदल्या रयतेच्या कळवळ्याने व्हायच्या, हे कशावरून? जहागीरदाराने मुलखात मूळ धरू नये, एवढा साधा हिशेब होता. आणि त्याचा रयतेला काय फायदा झाला, ते औरंगजेबाच्या काळात आलेल्या फ्रेंच प्रवासी बर्नियेकडून ऐका. तो जहागीरदाराचं मनोगत देतो: जमीन ओस पडली तर मला काय त्याचं, उद्या इथून बदली व्हायचीच आहे, तोवर निघेल तेवढं काढून घ्यावं, मग शेतकरी उपाशी मरो नाहीतर गाव सोडून पळो.