मदत हवी आहे: जुन्या जीपचे इंजिन घरच्या पडवीत उतरवण्यासाठी क्रेन घ्यावी की चेन ब्लॉक?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या १९८९ सालच्या महिंद्रा एमएम ५४० जीपचे इंजिन घरीच उतरवून बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) कामासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्यायचे, असे ठरवले आहे. इंजिन प्यूजो बनावटीचे एक्सडीपी ४.९०, चार सिलिंडरचे, २,११२ सीसीचे डिझेल आहे. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून इतका धूर येतो की चालत्या गाडीत तो पायापाशी जाणवतो, आणि ऑइल तर दर आठवड्याला वरून घालावे लागते. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. हेड उतरवणे, क्लच प्लेट बदलणे, पंप-नोझल काढून तपासायला पाठवणे ही कामे मी केली आहेत, परंतु संपूर्ण इंजिन उचलून बाहेर काढण्याची ही पहिलीच वेळ आहे.

जागेचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण अडचण तिथेच आहे असे वाटते. घराला लागून पत्र्याची पडवी आहे, ती १२ फूट रुंद आणि २२ फूट लांब आहे. पत्रा भिंतीकडे ११ फुटांवर आणि बाहेरच्या बाजूला ९ फुटांवर आहे. जमीन शहाबादी फरशीची असून तिचे सांधे बरेच ठिकाणी मोकळे झाले आहेत. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून वडिलांनी फाटकाकडे उतार ठेवला होता. पाण्याच्या नळीने मोजला तेव्हा तो २२ फुटांत साडेतीन इंच भरला. जीप तोंड घराकडे करून उभी असते.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, दोन टनांची घडीची हायड्रॉलिक इंजिन क्रेन विकत घेणे. दुसरा, पडवीच्या लोखंडी कैचीला एक टनाचा चेन ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायची कप्पी, टांगणे. तिसरा, शेजारच्या काकांकडे विहिरीतला पंप काढण्यासाठी पाइपचे तीन पायांचे तिकाटणे आहे, ते काही दिवसांसाठी आणणे. गिअरबॉक्ससकट वजन मी हिशेबासाठी साडेतीनशे किलो धरले आहे. क्रेन दोन टनांची असल्यामुळे ती सहापट ताकदीची ठरते आणि त्यामुळे तीच सर्वांत सुरक्षित आहे, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? तसेच इंजिन गिअरबॉक्ससकट काढावे की एकटे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: फिरता पाना

सर्वांत आधी दुसरा पर्याय मनातून काढून टाका. पडवीची कैची पत्र्याचे वजन आणि वारा यांच्या हिशेबाने बांधलेली असते. मधोमध एकाच जागी साडेतीनशे किलो टांगण्यासाठी ती नसते, आणि वेल्डिंग कोणी व कशी केली आहे हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. घराच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाचा विचार करणारेही मला भेटले आहेत, म्हणून तेही नको असे आताच लिहून ठेवतो.

आता दोन टनांविषयी. घडीच्या क्रेनचा हात आत-बाहेर सरकतो आणि त्याला चार ठिकाणी पिनची भोके असतात. दोन टन हा आकडा हात पूर्ण आत असतानाचा आहे. एकेक भोक बाहेर जाल तशी क्षमता दीड टन, एक टन आणि शेवटी अर्धा टन अशी उतरत जाते. बहुतेक क्रेनच्या हातावर हे आकडे भोकांशेजारीच लिहिलेले असतात. जीपच्या बंपरपुढून इंजिनाच्या मध्यापर्यंत पोहोचायचे तर तुम्हाला शेवटचे नाहीतर त्याच्या आधीचे भोक वापरावे लागेल. म्हणजे तुमची सहापट प्रत्यक्षात दीडपटीपासून तिपटीपर्यंत येते. तेवढी पुरेशी आहे, पण ती सहापट नव्हे.

खरी अडचण क्रेनच्या ताकदीची नसून तिच्या चाकांची आहे. ती चाके मुठीएवढी असतात. गुळगुळीत कोब्यावर ती लोण्यासारखी फिरतात. शहाबादीच्या मोकळ्या सांध्यात मात्र पुढचे चाक अडकते, मागून ढकलणारा जोर लावतो, लटकलेले इंजिन झोका घेते आणि सगळा भार एकदम एका पायावर जातो. माझ्याच गॅरेजमध्ये एकदा असे झाले होते. क्रेनची मागची दोन्ही चाके जमिनीपासून चांगली दोन बोटे वर उचललेली मी डोळ्यांनी पाहिली आणि पोऱ्याला ओरडून मागे ओढले. इंजिन पुन्हा मागे झुलले म्हणून क्रेन जागेवर बसली. त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

प्रतिसाद: धागाकर्ता

आपण वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल आभारी आहे. चाकांचा विचार मी केलाच नव्हता. फरशीवर प्लायवूड किंवा पत्रा अंथरला तर चालेल का?

प्रतिसाद: फिरता पाना

सांधे झाकले जातील, परंतु उतार तसाच राहील. माझा सल्ला वेगळा आहे. इंजिन उचलल्यावर क्रेन हलवायची कशाला? इंजिन आहे तिथेच लटकत ठेवा आणि जीप मागे ढकला. जीपची चाके मोठी आहेत, ती फरशीचे सांधे विचारत नाहीत.

त्यासाठी पुढची जाळी आणि रेडिएटर आधी काढून घ्या, म्हणजे इंजिन फार उंच उचलावे लागणार नाही. ऑइल चेंबरचा तळ पुढच्या आडव्या पट्टीवरून निघून गेला की झाले. इंजिन एकटेच काढा. गिअरबॉक्ससकट काढायचे म्हटले तर लांबी वाढते, तोल मागे जातो आणि इंजिन बरेच तिरके करून बाहेर आणावे लागते. पहिल्या वेळेस ते नको.

इथे एक चूक हमखास होते. इंजिन सुटल्यावर गिअरबॉक्सचे तोंड खाली झुकू नये म्हणून लोक त्याखाली बाटली जॅक लावतात. जॅक जमिनीवर असला तर जीप मागे सरकणार कशी? त्याऐवजी चेसिसच्या दोन्ही बाजूंवर आडवी पहार टाका आणि बेल हाऊसिंगखालून (गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाखालून) पट्टा घेऊन गिअरबॉक्स तिला टांगा. मग बेल हाऊसिंगचे सर्व बोल्ट काढून इंजिन स्थिर ठेवा आणि दोघांनी जीप सावकाश मागे घ्या. इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढे आलेला दांडा, क्लच प्लेटमधून सरळ रेषेत निघाला पाहिजे. तो अडकत असेल तर पहारीने उचकटू नका, कारण अडकण्याचे कारण बहुधा इंजिनाचा कोन असतो. हूक अर्धा इंच वर-खाली करून पाहा. इंजिनाचे वजन एक क्षणसुद्धा त्या शाफ्टवर टेकले तर क्लच प्लेट वाकते, आणि ते कळते गाडी पुन्हा जोडून झाल्यावर.

तुमचा उतार फाटकाकडे आणि जीपचे तोंड घराकडे, म्हणजे ती आपोआप मागे जाऊ पाहील. एक माणूस ब्रेकवर बसवा आणि दुसऱ्याच्या हातात चाकामागे सरकवायला लाकडी पाचर द्या.

प्रतिसाद: गर्डरवाला

वरील पद्धत योग्य आहे, आणि ती मान्य केली की क्रेनची गरजच उरत नाही. वर एक पक्का बिंदू आणि त्याला चेन ब्लॉक एवढेच हवे. माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, म्हणून थोडा हिशेब देतो. १५० मिलिमीटर उंचीचा आयएसएमबी (इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा) लोखंडी गर्डर मीटरला साधारण १५ किलो भरतो. तीन मीटर अंतरावर दोन्ही बाजूंना घोडे (फाकलेल्या पायांचे लोखंडी आधार) उभे करून मधोमध अर्धा टन टांगला तरी या गर्डरमध्ये ताण ४० मेगापास्कलच्या आतच राहतो, म्हणजे तो निवांत आहे. काळजी घ्यायची ती घोड्यांची. त्यांचे पाय पुढे-मागे पुरेसे फाकलेले हवेत, खाली आडवी पट्टी हवी आणि गर्डर घोड्याला बोल्टने बांधलेला हवा. नुसता वर ठेवलेला नको.

काकांचे तिकाटणे पंपासाठी उत्तम असते, कारण तिथे ओढ सरळ खाली असते. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय बाहेर सरकू शकतात. वापरायचेच असेल तर तिन्ही पाय तळाशी साखळीने एकमेकांना बांधा आणि जीप दोन पायांच्या मधून जाते का, हे रिकामे असतानाच ढकलून पाहा.

चेन ब्लॉकचा एक मोठा फायदा असा की हातातली साखळी सोडली तरी आतला घर्षणाचा ब्रेक भार धरून ठेवतो, आणि इंजिन केसभर वर किंवा खाली घेता येते. हायड्रॉलिक क्रेनचा व्हॉल्व्ह कितीही सांभाळून सैल केला तरी नवख्या हाताकडून भार एक-दोन इंच धपकन खाली येतोच. मात्र त्या ब्रेकमध्ये ऑइल जाऊ देऊ नका. काही जण प्रेमाने संपूर्ण ब्लॉकला ऑइल पाजतात! घेताना पाटीवर भारक्षमता आणि आयएस ३८३२ ही भारतीय मानकाची खूण पाहा, आणि हुकाचा खटका आपोआप मिटतो का तेही पाहा.

इंजिनाला पट्टा लावताना दोन्ही टोकांमधला कोन जपा. पट्ट्याचे पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येक पायावर भाराचे ५८ टक्के येतात. तेच ३० अंशांवर आणले तर प्रत्येक पायावर पूर्ण भार येतो, शिवाय ते पाय रॉकर कव्हर आणि नळ्या दाबतात ते निराळेच. जांभळा पट्टा एक टनाचा असतो, तो तुम्हाला पुरे. धारदार कडेखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. इंजिनाला उचलण्याचे कान असतील तर तेच वापरा; मॅनिफोल्डच्या स्टडला काहीही अडकवू नका.

प्रतिसाद: धागाकर्ता

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. क्रेन घेतली नाही. गर्डर आणि घोडे गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतले आणि एक टनाचा चेन ब्लॉक विकत आणला. काम सुरू करण्यापूर्वी गर्डरला सिमेंटची आठ पोती, म्हणजे चारशे किलो, टांगून रात्रभर ठेवली. सकाळी घोड्याच्या एका पायाखालची फरशी तडकलेली दिसली. ती फरशी काढून खाली कोबा करून घेतला आणि चारही पायांखाली जाड लोखंडी चकत्या दिल्या. इंजिन टांगल्यावर हे घडले असते तर काय, याचा विचार करत मी बराच वेळ त्या तड्याजवळ बसून होतो.

उतरवण्याचे काम आपण सांगितल्याप्रमाणे झाले. जीप चार बोटे मागे गेली आणि शाफ्ट अडकला. मुलाने पहार पुढे केली होती, तेवढ्यात आपले वाक्य आठवले. चेन ब्लॉकची साखळी तीन-चार हात खाली ओढली, इंजिनाची मागची बाजू किंचित उतरली आणि शाफ्ट कसलाही आवाज न करता मोकळा झाला. इंजिन लगेच खाली घेऊन दोन जुन्या टायरांवर टेकवले, कारण ते लटकत ठेवून त्याखाली हात घालायची माझी हिंमत नव्हती.

बोअर मोजून झाले आहेत आणि चारही सिलिंडरना लायनर (आत बसवायच्या नव्या नळ्या) लागणार आहेत. इंजिन परत बसवताना क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट मिळवावा, की लेथवर लाकडी दांडा खराडून घेतला तरी चालेल, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद: फिरता पाना

लाकडी दांडा चालतो. आम्ही वर्षानुवर्षे तोच वापरला. पुढचे टोक पायलट बेअरिंगच्या (इंजिनाच्या बाजूला शाफ्टचे टोक धरणाऱ्या बेअरिंगच्या) भोकात आणि मधला भाग प्लेटच्या दातांत हलता न हलता बसेल असा खराडून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळा, आणि सगळे आवळून झाल्याशिवाय दांडा काढू नका.