ब्लॅकरॉकला 'गुंतवणूकदार' म्हणावं का?

दादरहून:

वर्तमानपत्रांत ब्लॅकरॉक किंवा व्हॅनगार्ड या लोकांचे पैसे गुंतवून देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांविषयी लिहिताना 'जगातील सर्वांत मोठा गुंतवणूकदार' असं सर्रास छापतात. पण तो पैसा त्यांचा नसतोच. मग त्यांना गुंतवणूकदार म्हणणं बरोबर आहे का? 'मत्ता व्यवस्थापक' (अ‍ॅसेट मॅनेजर) हा शब्द वाचलाय, पण बोलताना तो कोणी वापरेल असं वाटत नाही. माझे वडील दर महिन्याला म्युच्युअल फंडाची एसआयपी भरतात आणि या कंपन्यांचा विषय निघाला की "मोठ्यांचे खेळ, आपल्याला काय करायचंय" म्हणून पान उलटतात. त्यांना चटकन कळेल असा शब्द हवा आहे.

लालबागहून:

'पेढी' चालेल की. काळबादेवी-झवेरी बाजारात अजून चालतो हा शब्द. नाहीतर 'कारभारी'.

बोरिवलीहून:

'पेढी'बद्दल माझी हरकत आहे. पेढीवाल्याचा स्वतःचा पैसा आणि पत पणाला लागलेली असते. पेढी बुडाली की तोही बुडतो. ब्लॅकरॉक 10 लाख कोटी डॉलरांहून जास्त रक्कम सांभाळते. (बातम्यांत जे 'ट्रिलियन' येतं, ते आपलं लाख कोटी.) पण शेअरबाजारात त्या कंपनीची स्वतःची किंमत या रकमेच्या शंभरात दोन भागही भरत नाही. बाजार पडला तर तिची फी घटेल, पण तोटा निवृत्तिवेतन निधींचा, विमा कंपन्यांचा आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचा होईल. 'गुंतवणूक' या शब्दात 'गुंतणं' आहे. ज्याचा पैसा गुंतलाय तो गुंतवणूकदार. या कसोटीवर दादरकरांचे वडील गुंतवणूकदार ठरतात, ब्लॅकरॉक नाही. बातमीतला शब्द माणसाची जागाच बदलून टाकतो. पैसा ज्याचा, तो वाक्यातून गायब होतो, म्हणून मला हा शब्द नुसता सैल नाही, चुकीचा वाटतो.

'विश्वस्त'ही सुचेल कोणाला. पण आपल्याकडे तो शब्द आधीच ठरलेल्या अर्थाने वापरात आहे. म्युच्युअल फंड कायद्याने न्यास (ट्रस्ट) असतो. त्याचे विश्वस्त वेगळे आणि पैसा प्रत्यक्ष हाताळणारी कंपनी वेगळी. आपण शब्दांची गल्लत केली तर जाब कोणाला विचारायचा तेच कळणार नाही.

'कारभारी' अर्थाच्या जवळ जातो, पण बायको नवऱ्याला कारभारी म्हणते तो अर्थ आधी डोळ्यांपुढे येतो.

माझी पसंती 'मुखत्यार'. मुंबईत घराचा व्यवहार केलेल्या प्रत्येकाला कुलमुखत्यारपत्र माहीत असतं. घर तुमचं, पण सही त्याची चालते. या कंपन्यांची ताकद नेमकी तिथेच आहे. शेअरबरोबर मत येतं. संचालक कोण असावेत, त्यांना पगार किती द्यावा, कंपनी दुसरीत विलीन करावी का, या ठरावांवर फंडाकडच्या शेअरांचं मत फंड चालवणारी कंपनी देते. ज्याच्या पैशातून शेअर घेतले त्याला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या तिघींच्या हाती मिळून पाचव्या हिश्श्याच्या आसपास शेअर असतात. त्यातही बरेच निर्देशांक फंडांचे, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडांचे. निर्देशांकात कंपनी आहे तोवर असा फंड तिचे शेअर विकून बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे नाराजी दाखवायला त्याच्याकडे प्रामुख्याने मतच उरतं.

दादरहून:

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे एवढं वजन कोणाचं आहे?

बोरिवलीहून:

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानुसार एका म्युच्युअल फंडाला सगळ्या योजना मिळून एका कंपनीच्या मताधिकाराच्या भांडवलात 10 टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत नाही. तरीही वजन पडतंच. झीचं उदाहरण घ्या, ही वाहिनी मराठी घराघरांत आहे. सप्टेंबर 2021 मध्ये इन्व्हेस्को या अमेरिकी फंड कंपनीने झीचे व्यवस्थापकीय संचालक पुनीत गोएंका यांना संचालक मंडळावरून दूर करण्यासाठी भागधारकांची सभा मागितली. इन्व्हेस्कोच्या फंडांकडे सुमारे 18 टक्के शेअर होते (हे परदेशी फंड, म्हणून आपल्या म्युच्युअल फंडांची 10 टक्क्यांची मर्यादा त्यांना नव्हती) आणि प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या, कुटुंबाकडे 4 टक्क्यांच्या आसपास. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मार्च 2022 मध्ये खंडपीठाचा निकाल इन्व्हेस्कोच्या बाजूने लागला, आणि त्यानंतर लगेच इन्व्हेस्कोने सभेचा आग्रह सोडला. कोण बरोबर होतं हा वेगळा वाद. आपल्यापुरता मुद्दा हा की त्या दिवसांत बोलताना आपण 4 टक्केवाल्यांना 'झीचे मालक' म्हणत होतो. 'प्रवर्तक' हा नेमका शब्द मराठीत आहे, तो वापरायला हवा. 'मालक' म्हटलं की सगळ्या चाव्या एकाच घरात आहेत असं वाटतं, आणि 18 टक्केवाला कोणाला दिसतच नाही.

लालबागहून:

'मुखत्यार' पटला, पण तो सरसकट लावू नका. ब्लॅकरॉक आणि ब्लॅकस्टोन यांत लोक कायम घोटाळा करतात. ब्लॅकरॉकची सुरुवात 1988 मध्ये ब्लॅकस्टोनच्याच छत्राखाली झाली, पुढे दोघी वेगळ्या झाल्या. ब्लॅकरॉक हजारो कंपन्यांत थोडे थोडे शेअर धरून ठेवते. ब्लॅकस्टोन इमारती, कंपन्या विकत घेते, चालवते आणि पुढे विकते. आमच्या भागातल्या ज्युपिटर मिलची जमीन 2005 मध्ये इंडियाबुल्सकडे गेली, तिथे काचेचे टॉवर उभे राहिले, आणि 2018 मध्ये त्यांत निम्मा हिस्सा ब्लॅकस्टोनने घेतला. पवईत हिरानंदानीच्या ऑफिस इमारती कॅनडाच्या ब्रूकफिल्डकडे गेल्या. पैसा इथेही बराचसा इतरांचाच असतो, पण भाडं किती आणि इमारत विकायची कधी, हे तेच ठरवतात. भाडेकरूच्या दृष्टीने ते सरळ 'घरमालक'च. आमच्या गिरणगावातल्या माणसाला मिल कोणाची होती ते पाठ असतं. आता त्या जागेवर कोण आहे हे त्याला माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्या गावाची, म्हणजे या शहराची, जमीन आहे ती.

दादरहून:

दोन वेगळे शब्द लागणार हे लक्षात आलं. पण वडिलांचा प्रश्न राहिलाच. कळलं तरी आपण करणार काय?

बोरिवलीहून:

त्यांना एवढंच दाखवा. 1 एप्रिल 2022 पासून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या सगळ्या ठरावांवर मत देणं सक्तीचं आहे, आणि ते मत कारणासकट आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. तुमच्या वडिलांच्या फंडाचं ते पान उघडा. बाजूने, विरोधात, पुढे कारण, अशी यादी असते. कुठल्या कंपनीच्या संचालकाच्या पगारवाढीला त्यांच्या पैशाने होकार दिला ते तिथे वाचता येतं. पटलं नाही तर फंडाला पत्र लिहिता येतं, पैसे काढून घेता येतात. आणि एसआयपी नसलेल्यांचंही तेच आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतला काही भाग 2015 पासून ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरबाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांत, जातो. त्या शेअरांचं मत फंड कंपनीच देते. तो कामगार आयुष्यात दलाल स्ट्रीटवर गेला नसेल, पण मुखत्यार त्यालाही आहे.

दादरहून:

यादी सापडली. वडिलांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि विचारलं, "हे तटस्थ राहिले म्हणजे नेमकं काय केलं? माझ्या वतीने गप्प बसले?" याचं उत्तर कोणी देईल का?