गणित ऑनलाइनमध्ये राहिलं, आता अकरावीला कॉलेज कोणतं घ्यावं?

ऐरोलीची आई
१७ जून २०२२ ला दहावीचा निकाल लागला. लेकीला ७४.८० टक्के. आठवीपर्यंत ती पंच्याऐंशीच्या खाली कधी आली नव्हती. नववी सगळी मोबाइलवर गेली. दहावीत ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली तोवर निम्मं वर्ष सरलं होतं. आमचं घर लहान. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तास करायची आणि कुकरची शिट्टी झाली की माइक बंद करायची. यात तिचा दोष आहे असं मला वाटत नाही.

तिला सायन्सच हवंय. तिचे बाबा म्हणतात, इंटिग्रेटेडला घालू. नाव कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, कॉलेजात जायचं ते प्रॅक्टिकलपुरतं. माझं मत नेमकं उलट आहे. जिने दोन वर्षं परीक्षानळी हातात धरली नाही, तिला रोज वर्गात बसवणारं साधं कॉलेज हवं, मग त्याचं नाव मोठं नसलं तरी चालेल. ऑनलाइन प्रवेशाचा पहिला भाग भरलाय, दुसऱ्या भागात दहा पसंतीक्रम देता येतात. त्याआधी घरात एकमत व्हायला हवं. स्पष्ट लिहा.

घणसोलीचा बाबा
ताई, मला तुमच्या यजमानांचं पटतं. इंजिनीअरिंगचा प्रवेश सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर होतो. बारावीला पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के पुरतात. सीईटीत अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८०. मग दिवसभर कॉलेजात बसून काय साधणार? माझा मुलगा साध्या कॉलेजात होता. सकाळी वाशी, दुपारनंतर क्लाससाठी ठाणे, घरी यायला साडेनऊ. जेवताना ताटावर डोळे मिटायचे त्याचे. इंटिग्रेटेडमध्ये ही धावपळ तरी वाचते.

नौपाड्याच्या बाई
मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ताई, आधी गुणपत्रिका समोर घ्या. टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची असते. सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो. तो गणित तर नाही ना? असेल, तर ७४.८० हा आकडा तुम्हाला जे कळायला हवं तेच सांगत नाही.

दहावीची परीक्षा दिलेली तीन मुलं या मे महिन्यात माझ्याकडे येत होती. तिघंही हुशार. त्यांना मी आठवीतलं गणित घातलं: ७क्ष − ३ = ४क्ष + ९. एकाने लिहिलं ११क्ष = ६. संख्या बाजू बदलताना चिन्ह बदलतं, हे त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. कारण दोन वर्षं त्याने वहीचा फोटो पाठवला आणि समोरून अंगठा आला. वर्गात मी बाकांमधून फिरते, चुकीच्या ओळीवर बोट ठेवते. ते बोट या मुलांना मिळालंच नाही.

आता सांगा, इंटिग्रेटेडची बॅच आठवीपर्यंत मागे जाईल का? मुळीच नाही, तिथे पहिल्याच आठवड्यात त्रिकोणमिती सुरू होते. पण साध्या कॉलेजात ऐंशी-नव्वद मुलांच्या वर्गातही कुणी मागे जाणार नाही. म्हणून मला तुमचं दोघांचंही पटत नाही. सीबीएसईचा निकाल अजून लागायचाय, त्यामुळे अकरावीची पहिली यादी लांबेल. हे आठवडे फुकट घालवू नका. आठवी-नववीचं पुस्तक काढा, रोज दहा गणितं, शेजारी बसून.

कळव्याचा डिप्लोमावाला
अकरावीच कशाला? पॉलिटेक्निकला घाला. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मी स्वतः असाच आलो. वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवून चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला पहिला महिना गेला, पण त्या महिन्यात अभ्यासाची भीती गेली. मोबाइलला कंटाळलेल्या पोरीला हाताला काम द्या.

नौपाड्याच्या बाई
डिप्लोमा उत्तम आहे. पण पहिल्याच सत्रात गणित येतं, आणि तेही अकरावी-बारावीच्या दर्जाचं. तुमचा पाया पक्का होता म्हणून निभावलं. शिवाय मुलीला काय हवंय ते एकदा तिला विचारा की.

नेरूळकर
पसंतीक्रमाबद्दल दोन गोष्टी. गेल्या वर्षीचे कटऑफ बघून घाबरू नका. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नव्हती, निकाल ९९.९५ टक्के लागला होता. यंदा परीक्षा झाली, अभ्यासक्रम २५ टक्के कमी होता, निकाल ९६.९४. दुसरं, पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या क्रमांकावर नुसतं नाव ऐकून काही टाकू नका. पावसात ट्रान्सहार्बरची (ठाणे-नवी मुंबई लोकल) गाडी अडकली तर पोर घरी कशी येईल, इथवर विचार करा. ऐरोलीहून ठाणे जवळच आहे.

ऐरोलीची आई
बाई, गुणपत्रिका पाहिली. गळलेला विषय गणितच, ५१ गुण. रात्री तिला दहा गणितं दिली, सात चुकली. आधी ती गप्प होती. मग म्हणाली, "तासाला मी विचारायचे, पण नेट जायचं आणि सर पुढे गेलेले असायचे." मला फार वाईट वाटलं. मी रोज त्याच स्वयंपाकघरात होते.

आज यांनी ऑफिसातून आल्यावर तिच्या शेजारी बसून सहा गणितं घेतली. डिप्लोमाचंही विचारलं. तिला जीवशास्त्र सोडायचं नाही, म्हणून तो विषय संपला. इंटिग्रेटेडचा हट्ट मात्र यांनी सोडलेला नाही.

घणसोलीचा बाबा
सोडूही नये. बाईंचं पायाबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो, पण पाया भरला की वेग लागणारच, आणि तो साध्या कॉलेजात मिळत नाही. तेवढी फी एकदम भरू नका, हप्ते मागा.

नौपाड्याच्या बाई
आणि हप्ता भरण्याआधी त्यांची प्रयोगशाळा उघडायला लावा. बारावीला भौतिक आणि रसायनला प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत. ब्युरेटवर (रसायनाच्या प्रयोगातली मापाची काचनळी) धूळ दिसली तर तिथूनच परत फिरा. ताई, उद्याची दहा गणितं समीकरणांचीच द्या, भूमितीकडे अजून वळू नका.