सातवा महिना आणि हुरड्याचे दिवस : काय खाऊ, किती खाऊ?

मालदांडी_मंगळवेढा

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, माहेर मंगळवेढ्याकडचं. पहिलंच बाळंतपण आहे. सातवा महिना लागलाय, तारीख मार्चअखेरची दिलीय.

अख्खा पावसाळा आणि वर ऑक्टोबरचं ऊन मी उलट्यांतच काढलं. फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळायचं. भाकरी थापल्याचा आवाज ऐकू आला की दार लावून घ्यायचे. मार्गशीर्ष लागला, सकाळी गार वारं सुटायला लागलं आणि भूक अशी परत आली की काही विचारू नका. आता सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात बसते, मांडीवर चादर, ताटात गरम भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर तेलाची धार, सोबत मेथीची पचडी. दुपारी डाळिंब सोलत बसते. इतकं शांत, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. बाळही जेवल्यावरच जास्त हलतं. मला हे दिवस भीत भीत घालवायचे नाहीत, म्हणून विचारतेय.

वडिलांच्या रानात कणसं हुरड्याला आलीत. ते म्हणतात, ये दोन दिवस. सासूबाई प्रेमानेच सांगतात की हुरडा जड, बाजरी आणि तीळ उष्ण, या महिन्यात नको. आई डिंकाचे लाडू पाठवणार आहे, त्यात आळीव आणि मेथ्याही घालते ती. तिसरी गोष्ट गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची. लहानपणापासून त्यातला एकही अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा सोहळा, चुकवलेला नाही मी, यंदा जाऊ का नको? साखरेची तपासणी चांगली आली, पण हिमोग्लोबिन १०.२ आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरबाईंना पुढच्या वेळी विचारणारच आहे, पण ज्यांनी सोलापुरात थंडीतले हे महिने काढलेत त्यांचं ऐकायचंय.

मोहोळची_काकू

अगं पोरी, हुरडा खा की! माझी थोरली पोटात होती तेव्हा मी रानातच होते, हुरडा भाजायच्या आगटीपाशी. फक्त कसा खायचा ते ऐक. आगटीच्या अगदी जवळ बसू नकोस, गोवऱ्यांचा धूर नाकातोंडात जातो. वारं कुठून येतंय ते बघून लांब बस, चोळून झालेला हुरडा कुणीतरी आणून देईल, तुला या दिवसात कोण नाही म्हणतंय. गरम असतानाच खा, बारीक चावून खा. गार झाला की चिवट होतो आणि पोटात गच्च बसतो. दोन मुठी खाल्ल्यास की थांब, वाटलं तर तासाभराने परत घे. सोबत शेंगाची चटणी, गुळाचा खडा, दही. वरून जिरं घातलेलं पातळ ताक. रात्री मात्र नको. सातव्या महिन्यानंतर रात्रीचं जड खाल्लं की छातीत जळजळतं, झोप लागत नाही.

तुझ्या सासूबाईंचंही अगदीच खोटं नाही. जड आहेच तो. पण जड म्हणजे थोडा खायचा, सोडायचा नाही. आणि बाजरीचं म्हणशील तर भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपल्याकडे पोटुशी बाई पिढ्यान् पिढ्या खात आलीये. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ उगीच म्हणत नाहीत. त्या भाजीत काय नसतं गं, वांगं, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, बोरं, तीळ. आमच्याकडे वेळ अमावस्येला रानात भज्जी आणि आंबील असते, त्यातही हेच सगळं. ज्या वेळेला रान जे देतं ते खावं.

लोह_आणि_लिंबू

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच काम करते. काकूंनी हुरड्याचं सांगितलंय त्यात मी फक्त एवढं घालते की हुरड्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. तुमची साखर चांगली आहे म्हणून हरकत नाही. जिची वाढलेली आहे तिने हुरडा आणि गूळ दोन्ही मोजूनच घ्यावं.

मला जास्त बोलायचंय ते तुमच्या १०.२ बद्दल. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी देतात, पण ती चहासोबत घेतली तर निम्मी वाया गेल्यासारखीच. थंडीत आपल्याकडे चहा वाढतो, सकाळी उन्हात बसलं की कप हातात येतोच. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नका, कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. बाजरी, मेथी, तीळ, ओला हरभरा यांत लोह आहे, पण वनस्पतीतलं लोह शरीराला पटकन मिळत नाही. लिंबू, पेरू, आवळा सोबत असला की ते जास्त शोषलं जातं. तुम्ही डाळिंब आवडीने खाता, जरूर खा, पण डाळिंबाने रक्त वाढतं यावर विसंबून राहू नका, लोह त्यात फार थोडं आहे. त्यापेक्षा थंडीतला पेरू तुमच्या भाकरीच्या जेवणाला जास्त उपयोगाचा.

‘उष्ण’ म्हणून बाजरी सोडू नका. भोगीच्या भाकरीवर जेवढे तीळ लागतात तेवढ्याने काही होत नाही. ओल्या हरभऱ्याचा डहाळा आणलात तर एक काळजी घ्या. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारणी होते, म्हणून घरच्या रानातला असला तरी कधी फवारलंय ते वडिलांना विचारा, घाटे नीट धुवा आणि शक्यतो भाजून किंवा उकडून खा. मेथीची पचडी कच्ची खायची असेल तर पानं दोन-तीन पाण्यांतून काढा.

लाडवांचं : नुसत्या डिंकाचा, खारीक-खोबऱ्याचा छोटा लाडू सकाळी एखादा घेतला तर मी अडवत नाही. आळीव आणि मेथ्यांचे मात्र बाळंतपणानंतरसाठी राखून ठेवा. आळिवाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं असं मानतात, म्हणून गरोदरपणात आम्ही ते टाळायलाच सांगतो. आणि दोन जीवांसाठी दुप्पट खायचं नसतं, हे आईला समजावून सांगा. या महिन्यांत दिवसाला साधारण ३५० उष्मांक जास्तीचे पुरतात. तूप-गुळाच्या दोन मोठ्या लाडवांत ते संपतात.

बाळीवेसचा_बाबा

गड्ड्याचं मी सांगतो. गेल्या वर्षी बायकोला आठवा होता आणि तिलाही असंच वाटत होतं. अक्षतेच्या दिवशी, बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, संमती कट्ट्याभोवती उभं राहायला जागा नसते हे तुम्हाला माहीतच आहे. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघाले की मिरवणुकीच्या वाटेवरही मागून रेटा येतो. त्या गर्दीत पोटाला धक्का लागला, घेरी आली तर बाहेर काढायला वाट मिळत नाही. आम्ही त्या दिवशी तिला मिरवणुकीच्या वाटेवरल्या एका नातेवाइकांच्या पहिल्या मजल्यावर सकाळीच नेऊन बसवलं. तिथून तिने नंदीध्वज पाहिले, हात जोडले आणि तिचं मन भरलं.

शोभेच्या दारूकामाला नेलं नाही. आवाज आणि धूर दोन्ही फार. होम मैदानावरची जत्रा पुढेही चालते, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी उन्हं कलायच्या आत जाऊन या, गर्दी कमी असते. धूळ उडते म्हणून नाकाला ओढणी. पाणी घरचं न्या, गाड्यावरची चटणी आणि बर्फाचा गोळा नको.

मालदांडी_मंगळवेढा

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आईशी आत्ताच बोलले, आळीव-मेथ्यांचा डबा ती एप्रिलसाठी वेगळा करणार आहे. चहाचं तर मला कुणीच सांगितलं नव्हतं! सासूबाईंना ‘लोह_आणि_लिंबू’ ताईंचं मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भोगीची भाकरी मीच थापते, तू फक्त तीळ लाव. अक्षता आमच्या मावससासूबाईंच्या गच्चीवरून बघायचं ठरलंय.

अजून दोन गोष्टी. रात्री मला उकडतं आणि पहाटे गारठा वाजतो, अशा वेळी तुम्ही काय करायचात? खोलीत शेगडी ठेवू का असं हे विचारत होते. आणि काकू, मला अजूनही पावट्याचा वास सहन होत नाही. पावट्याशिवाय भोगीची भाजी होईल का?

लोह_आणि_लिंबू

शेगडी अजिबात नको. बंद खोलीत कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त बाधतो. खिडकी किलकिली ठेवा. जाड रगापेक्षा आपल्या सुती सोलापुरी चादरी दोन घ्या, उकडलं की एक बाजूला करता येते. पायात मोजे घाला आणि डाव्या कुशीवर झोपा.

मोहोळची_काकू

होईल की! पावट्याच्या जागी ओले हरभरे आणि मटार जास्त घाल. लसूण-जिऱ्याची फोडणी सासूबाईंना देऊ दे, तू तेवढा वेळ गच्चीवर थांब. आधी हरभरे, शेंगदाणे आणि गाजर शिजू दे, वांगी मागून, नाहीतर त्यांचा गाळ होतो. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट, थोडा काळा मसाला, गुळाचा खडा, आणि बोरं अगदी शेवटी. रस्सा जरा पातळच ठेव, बाजरीची भाकरी कुस्करायला बरा पडतो. वाढताना लिंबू पिळायला विसरू नकोस, त्या ताईंनी सांगितलंय.